पुनाराम ढिवराचं डावं बोट

वैनगंगेच्या काठी बालाघाटात पुनाराम ढिवर नावाचा डोंगेवाला, म्हणजे लहान होडीवाला, होता. सन सहासष्टचं सांगतो. तंगुसाचा दोरा डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि खाली गळाला कोण लागलंय ते सांगायचं, ही त्याची ख्याती. रोहू म्हणाला की रोहूच वर यायचा, मरळ म्हणाला की मरळ. हौशी साहेब लोक दुरून यायचे ते मासे धरायला कमी आणि पुनारामचं बोट बघायला जास्त.

आणि ते बोट मेलेलं होतं! वर्ष झालं होतं त्याला. मागल्या हिवाळ्यात विडी ओढता ओढता कातडं जळाल्याचा वास आला, कोणाचं जळतंय म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं, तर जळत होतं याचंच बोट. दंडावर एक फिकट चट्टा होता, तोही बधिर. काय झालंय हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. गावकुसाबाहेर झोपडी बांधून दिलेली महारोगी माणसं त्याने पाहिली होती. कळलं तर डोंग्यात कोणी पाय ठेवणार नाही, हातचा मासा कोणी घेणार नाही, बायकोला घाटावर कोणी पाणी भरू देणार नाही. म्हणून त्याने स्वतःसाठी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली वेगळी काढली, अंथरूण ओसरीत नेलं आणि बायकोला, रुख्माबाईला, सांगितलं, "मन्नत हाय माही." तिने ती ताटली वेगळी घासायला घेतली.

गिऱ्हाइकांना मात्र तो बेमालूम फसवत होता. आता तो डोळे मिटत नसे, किलकिले ठेवी. ओला दोरा कसा थरथरतो, पाणी किती फाकतं, यावरून ओळखायचा. वर्षभरात एकदाही चुकला नाही, पण त्याचा आनंदही त्याला झाला नाही. तो जेवायचा, डोंगा हाकायचा, निजायचा. आतलंही काही त्या बोटासारखंच झालं होतं.

त्या माघात नागपूरचे एक डॉक्टर आले. हातात दोरा गुंडाळायच्या विलायती गरारीची काठी, डोक्यावर टोपी, तोंडाला खंड नाही. "पुनाराम, आज मोठ्ठा पाहिजे बरं का!"

"भेटते ना सायेब. डोहाकडं घेतो."

डोहात दुपारपर्यंत काही नाही. मग एकदम काठी वाकली. पुनारामने दोऱ्यावर बोट टेकवल्यासारखं केलं, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पढीन हाय. दाताळ हाय, सांभाळा." मासा सुटला तो थेट खडकाच्या दिशेने. गरारी अडकली. डॉक्टर ओरडले, "दोरा धर, दोरा!"

पुनारामने दोरा धरला आणि डाव्या हाताला दोन वेढे मारले. अहो, ढिवराचं पोरही असं करत नाही! ओढणाऱ्या मोठ्या माशाला दोरा सोडत जायचा असतो, नाहीतर तंगूस हात कापतो. दुखलं की हात आपोआप सोडतो. पुनारामला दुखलंच नाही, बधिरपणा आता पंजाभर पसरला होता. तो खांबासारखा उभा राहिला, मासा दमला, आणि हातभर लांबीचा, बिनखवल्याचा पढीन डोंग्यात येऊन पडला.

"काय पकड आहे रे तुझी!" डॉक्टर नाचायचेच बाकी होते. मग त्यांचं लक्ष डोंग्याच्या तळाशी गेलं. तिथलं पाणी लाल झालं होतं. पुनारामच्या बोटाला हाडापर्यंत चीर पडली होती, आणि तो माशाच्या तोंडातून गळ काढत होता.

डॉक्टरांनी काठी खाली ठेवली. त्यांनी त्याला खाली बसवलं, हात पुढे घेतला. "डोळे मीट. पूर्ण मीट. मी बोटाला हात लावला की हौ म्हण."

पुनारामने डोळे मिटले. पाणी डोंग्याला लागत होतं तेवढंच ऐकू येत होतं. थोड्या वेळाने अंदाजाने तो म्हणाला, "हौ."

"मी अजून हात लावला नाही, पुनाराम."

आता भीती वाटेल म्हणून तो वाट पाहत बसला. ती आली नाही. "मासा टाकून देऊ का सायेब?" एवढंच त्याने विचारलं.

"टाकतोस कशाला? अर्धा मी खाणार आहे." डॉक्टरांनी आपला रुमाल त्याच्या हाताला बांधला. गोळ्या मिळतात, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, रोग थांबेल, असं त्यांनी सांगितलं. "पण बोटातलं गेलेलं परत येईल, असं खोटं सांगत नाही."

संध्याकाळी अर्धा पढीन घेऊन तो घरी आला. रुख्माबाई चुलीपाशी होती. रुमालावरचं रक्त पाहून ती उठली, आणि उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "विडीनं बोट जळलं, तवाच समजलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी लपवून राह्यले होते. मी बोलली असती तं घर सोडून गेले असते तुमी."

तिने जर्मनची ताटली उचलली आणि अंगणात भिरकावली. मग त्याला खाली बसवून त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला. तो त्या हातांकडे पाहत राहिला. वर्षभर न आलेलं रडू त्याला तेव्हा आलं.

"जोरानं धर ना," तो म्हणाला.

"जोरानंच धरलं हाय," रुख्माबाई म्हणाली.