टोपलीच्या माहेरची माणसं

माझ्या आईला माहेर नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. कळणार तरी कसं? माहेरच्या माणसांबद्दल ती जेवढं बोलायची तेवढं भरल्या घरातून आलेल्या बायकाही बोलत नसतील. आमचा दादा असा, आमची आत्या तशी, आमच्या काकांचं बघ काय झालं! मी लहानपणी शाळेत छाती फुगवून सांगायचे की माझे एक काका परदेशात धान्याचे मंत्री होते. बाई म्हणाल्या, बस खाली. मी बसले नाही. हा हट्टीपणा मी आईकडून घेतला आहे आणि तो परत करायचा माझा विचार नाही.

आईला सगळे टोपली म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, तिला ते नाव आवडतं. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना आहे. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरींच्या टोपल्या खाली येतात, त्या उपड्या करायच्या, धुवायच्या, पिळायच्या, इस्त्री करून परत वर पाठवायच्या. एका सकाळी इस्त्रीवाल्या बाईंनी एका टोपलीत हात घातला आणि टोपली रडली. आत उशीच्या खोळीत गुंडाळलेली आमची आई होती. वर विचारपूस झाली, पण कुणीच पुढे आलं नाही. इस्त्रीवाल्या बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पोर ठेवून घ्यायची परवानगी मागितली. साहेब आधी नाही म्हणाले, मग बघतो म्हणाले, आणि मग विसरले. साहेबांच्या विसराळूपणाचे आमच्या घरावर अनंत उपकार आहेत.

या इस्त्रीवाल्या बाईंना मी इस्त्रीआजी म्हणते. त्यांनी आईला इस्त्रीच्या टेबलावर बसवून वाचायला शिकवलं, तेही एकाच पुस्तकावर, कारण त्यांच्याकडे पुस्तकच एक होतं, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. वाचता वाचता आई एक दिवस नदीच्या गोष्टीपाशी आली. राजाचा जुलूम, एका बाईनं आपल्या तान्ह्या मुलाला टोपलीत घालून लव्हाळ्यात सोडणं, राजकन्येनं टोपली उघडणं, आणि पोराचं रडणं. आईनं टेबलावर टुणकन उडी मारली. "हा तर मी!" असं ती इतक्या जोरात ओरडली की इस्त्रीआजींचा हात जागच्या जागी थांबला आणि डॉक्टरांच्या कोटाची बाही जळाली.

"तू नव्हेस गं बाई," इस्त्रीआजी जळकी बाही झटकत म्हणाल्या, "पण तुझ्यातला आहे."

झालं! त्या एका वाक्यानं आईला माणसं मिळाली. घोळक्याच्या फोटोत आपण जसं आपलं माणूस शोधतो, तसं ती शास्त्र चाळायला लागली. राजे, लढाया, मंदिराची मापं यांच्यावरून सरळ पुढे जायची. कुणाला तरी टाकलेलं दिसलं की थांबायची. नदीतला तो टोपलीतला दादा झाला. ज्यांना स्वतःच्या भावांनी कोरड्या खड्ड्यात टाकलं आणि मग विकलं, ते खड्ड्यातले काका झाले. आजाऱ्यांना बरं करणाऱ्या पाण्याशेजारी वर्षानुवर्षं पडून राहिलेला, पण पाण्यात उतरवायला ज्याला एकही माणूस नव्हता, तो तळ्याकाठचा मामा झाला. हा मामा आईचा लाडका. "सगळे त्याला ओलांडून जायचे गं, आणि एक जण मात्र थांबून विचारतो, बरं व्हायचंय का तुला?" हे सांगून झालं की ती खुदकन हसायची. मी एकदा म्हटलं, तुझी माणसं बिचारी फारच दुर्दैवी आहेत. तर ती माझ्यावर उसळली. "टाकणारे कुणीही असतात, ती गोष्टच नाही. गोष्ट उचलणाऱ्याची आहे!"

आता बाबा. बाबा त्याच इस्पितळात लिफ्ट चालवायचे. आई चादरींची गाडी घेऊन तळघरातून लिफ्टमध्ये शिरायची आणि चौथ्या मजल्यावर उतरायची. एवढ्या वेळात आईच्या तोंडाचा पट्टा जेवढा चालेल तेवढीच बाबांची प्रेमकहाणी. आईनं खड्ड्यातल्या काकांची गोष्ट सुरू केली ती अशी, "आमच्या काकांना भावांनीच खड्ड्यात ढकललं, अंगातला रंगीत कोट काढून घेतला," आणि दार उघडलं. बाबांनी अख्खी दुपार दातओठ खात काढली. दुसऱ्या दिवशी कळलं की भावांनी काकांना विकलं. बाबांचा संताप अनावर झाला.

"तुम्ही पोलिसांत का नाही गेलात?" ते म्हणाले.

"काका गेले होते ना तुरुंगात," आई म्हणाली, "पण त्यांनी काही केलंच नव्हतं." आणि पुन्हा दार उघडलं.

तुम्ही म्हणाल, एवढी माहीत असलेली गोष्ट, माणसाला कळू नये? पण बाबांच्या घरी शास्त्राचं नावही निघत नव्हतं. बाबांच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, देवाशी बोलणं टाकलं होतं. चर्चच्या रस्त्यावरून जायची वेळ आली तर ती वळसा घालून जायची. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती. ती गणवेश शिवायची, गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या नसल्या तरी ओठ तसेच. तर बाबांना आईची माणसं खरीखुरी वाटली. काका सुटून मंत्री झाल्याचं ऐकलं तेव्हा तर त्यांचं धाबंच दणाणलं. मंत्र्याच्या पुतणीला लिफ्टवाला मागणी कशी घालणार? आणि आईला वाटत होतं, या माणसाला सगळं माहीत आहे, तरी किती जीव लावून ऐकतो! दोघंही आपापल्या जागी हवेत होते.

शेवटी एकदा लिफ्ट अडकली. दोन मजल्यांच्या मध्ये. बाबांनी मागणी घातली, आई हो म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून चादरींमध्ये तोंड खुपसून बसली. बाबांनी घरी जाऊन आजीला सांगितलं की मुलगी धुलाईखान्यात आहे, पण माणसं फार मोठी आहेत.

"मोठी माणसं पुतणीला चादरी धुवायला लावतात होय?" आजी म्हणाली. "बघते मी." आजीचं बघणं म्हणजे उलटतपासणीच. ती एकदा नाही म्हणाली की बाबा तिचा शब्द मोडणार नाहीत, हे बाबांना ठाऊक होतं आणि आईलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे सगळं त्या एका भेटीवर होतं.

रविवारी दुपारी आजी बाबांना घेऊन धुलाईखान्यात आली. इस्त्रीआजींनी चहा केला. आजीनं चहा घेतला, भिंती बघितल्या, दोरीवरच्या चादरींची शिवण बोटानं तपासली, आणि कामाला लागली.

"तुझ्या काकांचा पत्ता दे. एवढे मंत्री आहेत, लग्नाचं त्यांच्याशीच बोललेलं बरं."

आई बाबांकडे बघायला लागली, बाबा मान हलवून तिला धीर द्यायला लागले, की सांग सांग, लाजू नकोस. मग आईच्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्टमधले ते सगळे महिने तिच्या डोळ्यांपुढून गेले आणि तिला असं हसू फुटलं की ती जमिनीवरच बसली. बाबा काळजीनं विचारतात, काय झालं? ती हसतेय. इस्त्रीआजींना कळलं, त्याही हसायला लागल्या. आईनं उठून फळीवरचं शास्त्र काढलं, उशीच्या स्वच्छ खोळीत ठेवलेलं, आणि आजीसमोर टेबलावर ठेवलं.

"ते इथं राहतात," ती म्हणाली. "सगळेच. दादासुद्धा."

बाबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते इस्त्रीआजी शेवटपर्यंत करून दाखवायच्या.

आजी हसली नाही. तिनं कप खाली ठेवला. "म्हणजे तुझं कुणी नाही."

"आहेत ना! जेवढे टाकलेले, तेवढे सगळे आमचेच."

आजी जायला उठली होती. टाकलेले हा शब्द ऐकून ती उभीच राहिली. आई घाबरली, आणि घाबरली की तिचे हात काम शोधतात. तिनं वाळलेली चादर ओढली. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही, दोन माणसं लागतात. इस्त्रीआजी चुलीपाशी होत्या. आणि आजी जन्माची शिवणकाम करणारी, समोर कापड लोळताना तिला बघवेना. तिनं पुढे होऊन दुसरी दोन टोकं धरली.

"बायका आहेत का त्यात?" तिनं चादर ताणत विचारलं. "की सगळे मंत्रीच?"

"आमची आत्या आहे," आई म्हणाली. "रानातली."

आणि चादरीमागून चादर घडी करत तिनं ती गोष्ट सांगितली. मोठ्या घरातली दासी. मालकापासून तिला मुलगा झाला, आणि एका सकाळी मालकानं थोडी भाकर आणि पाण्याची पिशवी देऊन दोघांना घराबाहेर काढलं. सांगताना आई आणि आजी चादर ताणून लांब उभ्या राहायच्या, मग टोकं जुळवायला जवळ यायच्या, पुन्हा लांब. रानात पाणी संपलं. तिनं मुलाला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली, पाठ फिरवून, की निदान त्याचं मरण डोळ्यांनी बघायला नको.

आजीच्या हातून चादर सुटली.

"जिना होता," ती म्हणाली. "झुडूप नव्हतं. याच इस्पितळाचा मागचा जिना." बाबांकडे न बघता ती बोलत होती. "याचा बाप गेला निघून. याला ताप. घरात काही नाही. म्हटलं, इथे कुणीतरी उचलेल. जिन्याखाली ठेवला आणि रस्ता ओलांडून एका भिंतीआड बसले, दिसू नये म्हणून. मग हा रडायला लागला."

बाबा भिंतीला टेकले.

"तिचाही रडला," आई हळूच म्हणाली. "आणि देवानं मुलाचा आवाज ऐकला."

"देवानं?" आजी कडाडली. इतक्या वर्षांचा राग होता तो. "मी ऐकला आवाज! मी गेले धावत! देव कुठं होता तेव्हा?"

"मग काय तर!" आईचा आवाज एकदम वर चढला, तिला आनंद झाला की चढतो तसा. "तुमच्याच कानांनी ऐकला त्यानं! त्या रस्त्यावर त्याला दुसरे कान होते का? सांगा ना, होते का?"

आजीच्या ओठांचा तो टाचण्या धरलेला आकार सुटला, आणि ती रडायला लागली, उभ्याउभ्या, हातातून सुटलेल्या चादरीचं टोक पुन्हा उचलून धरून. इस्त्रीआजींनी तिला स्टुलावर बसवलं. बाबा पुढे आले आणि आजीजवळ गुडघे टेकून म्हणाले, "परत आलीस ना? मग झालं तर." आजी त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली.

इथे शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. माझी आई शहाणी नाही. रस्ता ओलांडून परत यायला लागतो तेवढाच वेळ का होईना, हा माणूस टाकलेला होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"म्हणजे हापण आमच्यातला!" ती किंचाळली. टाळ्या पिटल्या, बाबांना ओढून चादरींच्या गाडीत बसवलं आणि दोरीवरच्या कपड्यांमधून गाडी पळवायला लागली. ओल्या चादरी बाबांच्या तोंडावर फटाफट बसत होत्या. बाबा रडत होते की हसत होते ते त्यांनाही सांगता येत नाही.

"अगं सोड त्याला, पडेल!" आजी ओरडली. आणि डोळे पुसत इस्त्रीआजींना म्हणाली, "ही अशीच आहे का नेहमी?"

"हल्ली जरा शांत झालीय," इस्त्रीआजी म्हणाल्या.

लग्न चर्चमध्ये ठरलं. आजी येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लग्नाला हो म्हणाली होती, पण देवाच्या दारात पाऊल टाकायला नाही. त्या दिवशी बाबा पुढे उभे, मान सारखी दाराकडे. मुलाकडची पहिली जागा रिकामी. मुलीकडे धुलाईखान्यातल्या बायका, इस्त्रीआजी, आणि पुढच्या बाकावर मोकळी जागा, कारण आईची बाकीची माणसं येण्यातली नव्हती.

पाळकांनी सुरुवात करायला घसा साफ केला आणि दार उघडलं. आजी उंबऱ्यावर थबकली. दारावरच्या माणसानं तिला मुलाकडच्या बाकांकडे हात दाखवला. तिनं मान हलवली.

"मी मुलीकडची," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आत्या लागते तिची."

आणि जाऊन मुलीकडच्या पहिल्या बाकावर बसली. आई लग्नाच्या कपड्यांत, सगळ्यांसमोर, इतकी हसली आणि इतकी रडली की पाळकांना पहिलं वाक्य तीनदा म्हणावं लागलं.

प्रार्थनेच्या वेळी आजीनं मान खाली घातली. पुढे मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, एवढ्या वर्षांनी काय बोललीस गं देवाशी?

"म्हटलं, पोराचा आवाज ऐकलास, बरं केलंस," आजी म्हणाली. "आता बस, माझाही ऐक. आणि मग मनात साचलेलं सगळं बोलले, लग्न संपेपर्यंत. एकदाही मध्ये बोलला नाही बघ."