तेल पचवायला लागणारं तेल

माझी सून ठाण्याच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. हे वाक्य हल्ली मी कुणाला ना कुणाला रोज ऐकवते. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मात्र ते माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

आम्ही मानपाड्याकडचे आगरी. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भातशेती केली आणि मी गावातली पहिली शिक्षिका झाले. मुलानं ठाकुर्लीच्या चाळीतली, बौद्ध घरातली मुलगी पसंत केली तेव्हा मी अडवलं नाही, पण मनानं जरा लांबच राहिले. पहिल्याच आठवड्यात तिनं सहज विचारलं, "आई, कालवणात तेल किती घालता?" मी म्हटलं, "तुझं हॉस्पिटल ठाण्यात. इथलं मी बघते." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

त्याच वर्षी माझ्या स्वादुपिंडाला सूज आली. आठ दिवस ॲडमिट होते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तेल-तूप कमी करा आणि जेवताना पाचक रसांच्या या कॅप्सूल घ्या. मी आयुष्यभर मुलांना शिस्त लावलेली बाई. 'कमी'चं मी 'बंद' केलं. भाज्या उकडून, मोहरी कोरडी भाजून, मासे नुसते वाफवून. तेलच नाही तर कॅप्सूल कशाला, म्हणून त्याही बंद केल्या. पोट शांत झालं आणि मला माझ्या निग्रहाचा फार अभिमान वाटायला लागला. भावजया म्हणायच्या, "बाईंसारखं पथ्य कुणाला जमायचं नाय." मी सुखावायचे.

दुसऱ्या वर्षी पायांच्या नडग्यांवर खवले धरायला लागले. केस विंचरताना मूठभर हातात यायचे. वजन उतरलं. तिसऱ्या वर्षी विळीनं बोट कापलं, ती जखम महिना झाला तरी ओलीच. वय झालं, असं मी धरून चालले. मग पुतण्याच्या हळदीत राहवलं नाही म्हणून तळलेल्या सुरमईच्या दोन तुकड्या खाल्ल्या, आणि पुढचे तीन दिवस पोट पार बिघडलं. माझी खात्रीच पटली की माझ्या आतड्याचं आणि तेलाचं जन्माचं वैर आहे.

चौथ्या दिवशी सून माझ्या बोटाची पट्टी बदलायला बसली. पट्टी बांधून झाल्यावर खाली बघतच म्हणाली, "आई, एक विचारते, रागावू नका. शौचाला चिकट, फिकट होतं का? पाण्यावर तेलासारखा तवंग येतो?"

मला शरमल्यासारखं झालं. पण खोटं बोलवेना. "होतं," म्हटलं. "थोडंसं काही स्निग्ध पोटात गेलं तरी होतं. म्हणून तर खात नाही."

"न खाल्ल्यानंच ते वाढलंय, असं मला वाटतं," ती म्हणाली. मग तिनं हळूहळू समजावलं. काही स्निग्ध आम्लं अशी असतात की ती शरीराला स्वतः बनवता येत नाहीत; खाण्यातूनच यावी लागतात. ती कमी पडली की कातडी सुकते, जखमा भरत नाहीत, हे तर दिसतंच. पण आतही बिघाड होतो. पित्ताचा कस कमी होतो. आतड्याच्या पेशी चरबी आत घेतात, पण ती नीट बांधून पुढे रक्ताकडे धाडायला याच आम्लांपासून बनलेलं जे वेष्टन लागतं, तेच त्यांच्याकडे उरत नाही.

"म्हणजे तेल पचवायलाही थोडं तेल लागतं?"

"हो. आणि तुमच्या बाबतीत त्याच्या जोडीला कॅप्सूल. पण आधी तपासून घेऊ. माझा अंदाज चुकू शकतो."

मी शिक्षिका. समोरच्याला विषय खरोखर कळलाय की नुसता पाठ आहे, हे मला दोन वाक्यांत ओळखता येतं. तिला कळलेला होता. तीन वर्षं ती हे सगळं डोळ्यांनी बघत होती आणि मीच तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं. त्या दिवशी हे तिला मोकळेपणानं सांगितलं. ती म्हणाली, "चूक माझीपण आहे. मी आधीच बोलायला पाहिजे होतं."

ओपीडीत जाताना तिनं माझ्या आठवड्याभराच्या खाण्याची, वजनाची, लक्षणांची एका पानावर नोंद करून दिली. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, "माझ्या सुनेनं." रक्ताचा नमुना बाहेरच्या लॅबला गेला. रिपोर्ट आला तो तिच्या अंदाजाप्रमाणेच.

पहिल्या घासाला कॅप्सूल आणि भातावर एक छोटा चमचा सूर्यफुलाचं तेल, अशी सुरुवात झाली. चमचा हातात धरून मी पाच मिनिटं बसले होते. भीती वाटत होती. ती समोर बसून होती, घाई करत नव्हती. पोट थोडं कुरकुरलं, पण बिघडलं नाही. मग दर आठवड्याला थोडं वाढवत, पुढे जवसाची चटणी, मग बांगडा. बोटाची जखम आधी भरली. खवले जायला चार महिने लागले. केस पूर्वीसारखे नाही झाले, पण गळायचे थांबले.

गेल्या महिन्यात गावच्या समाजमंदिरात आमच्या भजनी मंडळानं तिला बोलायला बोलावलं. हृदयाच्या धास्तीनं तेल पार सोडलेल्या तीन-चार बायका तिथेही निघाल्या. एकीनं विचारलं, "मग आम्ही किती खायचं?" ती म्हणाली, "मावशी, प्रत्येकीचं वेगळं असतं. तुमचे रिपोर्ट घेऊन या, आपण तुमच्या डॉक्टरांशी बोलू." पुढच्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. तिथून सगळ्या बायकांची तोंडं दिसत होती, आणि एकीचंही लक्ष दुसरीकडे नव्हतं. वर्गात इतकी शांतता मला क्वचितच लाभली.