दिवाकरची फ्रेंच शिकवणी

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा, त्याला संध्याकाळी शिकवायचा धडा मी सकाळी स्वतः शिकत बसलो होतो. व्याकरणाचं पुस्तक मांडीवर, चष्मा कपाळावर. त्याच्या शेजाऱ्याने एवढंच सांगितलं, ‘हातमागावर बसल्या बसल्या गेला जी. धोटा हातातच होता.’ मी फोन ठेवला आणि क्रियापद पुन्हा पहिल्यापासून घोकायला लागलो… पाचव्या रूपाशी आल्यावर ध्यानात आलं की हे आता कोणाला शिकवायचं नाही.

त्याला सहा आठवडे झाले.

या शिकवणीचं मूळ माझ्या एका थापेत आहे. थापा मी आयुष्यभर मारल्या, उमरेडच्या एस.टी.त एका वाघाला मी तिकीट काढायला लावलं, ही त्यातली सगळ्यात किरकोळ. पोस्टातून रिटायर झाल्यावर मी मोहल्ल्यात सांगून टाकलं की पाँडिचेरीत दोन वर्षं काढली आणि माझं फ्रेंच ऐकून तिथल्या एका मडमेने डोळ्यांना रुमाल लावला. खरं म्हणजे मी तिथे होतो चार दिवस, त्यातले तीन पोट बिघडून खोलीत. पण थाप पचली. मग पाच वर्षांपूर्वी, माझी बायको गेली त्या सालच्या हिवाळ्यात, दिवाकर दारात येऊन उभा राहिला.

दिवाकर मूळचा उमरेडचा विणकर. जरीपटक्याच्या मागे दोन खोल्या, त्यातली एक अख्खी हातमागाने खाल्लेली. एकुलती मुलगी सुजाता नोकरीसाठी फ्रान्सला गेली आणि तिथेच तिने संसार मांडला. नात लीना जन्मली ती फ्रेंचमध्येच रडली, फ्रेंचमध्येच बोलायला लागली.

‘मास्तर, मले फ्रेंच शिकव,’ दिवाकर म्हणाला. ‘पोरगी फोनवर बोलते अन् मी नुसता हसून राहतो. आजा आहो का भिंतीवरचा फोटो आहो गा मी?’

‘या वयात?’

‘काहून? तुह्या मडमेले पुसा लागते का?’

आता माघार कुठून घेणार! सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक जुनं व्याकरण उचललं. रोज सकाळी एक धडा गिळायचा आणि संध्याकाळी तोच त्याच्यापुढे जन्मजात पंडितासारखा ओकायचा. दिवाकरची शिकण्याची रीत मात्र विणकराची. क्रियापदाची रूपं सहा, म्हणून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या फेका सहा. एका रूपात जरी अडखळला तरी तेवढे सहा धागे उसवायचा आणि पहिल्यापासून विणायचा. अशाने एक लुगडं अकरा महिने चाललं. ज्या बाईसाठी ते लागलं होतं तिची पोरगी तोवर बोहल्यावर चढली.

गेल्या थंडीत कळलं, लीना येणार. सात वर्षांची नात पहिल्यांदाच आजाच्या घरी. विमानतळावर तिला एकच वाक्य म्हणायचं, असं दिवाकरने ठरवलं: तू आलीस, मला आनंद झाला. मी म्हटलं, हात्तिच्या! पुस्तक उघडलं आणि घाम फुटला. फ्रेंच माणसाला मनातला आनंद, भीती, शंका सांगायची असली, आणि ती घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असली, की क्रियापद ‘सब्जंक्टिव्ह’च्या भूतकाळात शिरतं. त्या भुयारात मला काही दिसेना. तरी छाती फुगवून सहाही रूपं सांगितली.

‘पक्कं ना, मास्तर?’

‘त्यांच्या राष्ट्रपतीले फोन लावून इचार!’

तो हसला. मग रोज संध्याकाळी ती सहा रूपं तो मला म्हणून दाखवायचा, धोट्याच्या तालावर, एकदाही न अडखळता… आणि मी ‘वा!’ म्हणायचो.

दिवाकर गेला तेव्हा तिकिटं पुढच्या महिन्याची होती. सुजाता लीनाला घेऊन चौथ्या दिवशीच आली, पण ती आली तेव्हा घरात फक्त माग होता. मागाच्या लाकडाला एक कागद चिकटवलेला दिसला. त्यावर दोन रकाने, दिवाकरच्याच अक्षरात. डाव्यावर लिहिलं होतं ‘लीनासाठी’, उजव्यावर ‘मास्तरसाठी’. उजवीकडे माझी सहा रूपं होती. डावीकडे दुसरीच.

‘डावीकडची बरोबर आहेत, काका,’ सुजाता हळूच म्हणाली. ‘तुम्ही शिकवलेलं बाबा रोज दुपारी मला फोनवर विचारायचे. चुकलेलं मी दुरुस्त करायची. पहिल्या महिन्यापासून.’

‘मग मले सांगितलं काहून नाही त्यानं?’

‘मी म्हणायची, बाबा, सांगून टाका ना. तर म्हणायचे, नको वं माय. वहिनी गेल्यापासून मास्तर कोणासंग बोलत नाही. शिकवाले म्हणून तरी घराबाहेर निघते.’

थापा मारण्यात मी आजवर कोणाला हार गेलो नव्हतो. पाच वर्षं हा माणूस प्रत्येक क्रियापद दोनदा शिकला. एकदा नातीसाठी बरोबर, एकदा माझ्यासाठी चूक.

लीना मागाच्या धाग्यांवर बोट फिरवत उभी होती. सुजाता म्हणाली, ‘काका, तिला तुम्हीच म्हणा.’ मी डाव्या रकान्यातून विमानतळावर म्हणायचं ते वाक्य वाचलं: ‘झ स्वी काँताँ क त्यू स्वा व्हन्यू.’ पोरीने माझ्याकडे पाहिलं, आणि मग मागावरच्या रिकाम्या बैठकीकडे.

तो कागद सुजाताने मधोमध कापला. डावा रकाना लीनाबरोबर गेला, उजवा माझ्याकडे आहे. संध्याकाळ झाली की मी तो मोठ्याने वाचतो, सहाच्या सहा रूपं. सगळी चूक आहेत. त्यातलं एक अक्षरही मी सुधारलेलं नाही.