धूर बसला की उठला

सकाळी दवाखान्याचं शटर वर गेलं की आमचे कंपाउंडर उदबत्ती पेटवायचे आणि देवाच्या फोटोकडे पाठ करून थेट रस्त्यावर यायचे. धुराची रेघ सरळ वर गेली तर स्वारी खुशीत. हातभर जाऊन आडवी पसरली तर आत येऊन मला म्हणायचे, "आज धूर बसला भाऊ. वाफेचं मशीन काढून ठेवा." उरलेली उदबत्ती मग देवाला. देवाला रोज उष्टी उदबत्ती लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी तिथे केसपेपर काढायला बसायचो. सुरुवातीला मला ते चक्रमच वाटले. पण त्यांनी 'धूर बसला' म्हटलं की दहाच्या आत बाकडी खोकणाऱ्यांनी भरायची. मग मीही मुकाट्याने मशीन पुसायला लागलो.

आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी, तीन बाजूंना टेकड्या. बुलढाण्याला जाताना थंडीतल्या सकाळी घाटाच्या वळणावरून तुम्ही खाली पाहिलं असेल, तर गाव काही दिसलं नसेल. चुली, शेकोट्या, वीटभट्टी, सगळ्यांचा धूर थंड हवेखाली अडकून पडतो आणि ऊन तापेपर्यंत हलत नाही. "आपलं गाव म्हंजे गंज हाय, अन् थंडी म्हंजे झाकण," असं ते प्रत्येक नव्या पेशंटला सांगायचे. गंज म्हणजे पातेलं. पेशंट बिचारा खोकत ऐकून घ्यायचा.

त्यांच्या बायकोला दमा होता. दिवाळी झाली की ते तिला घाटावर तिच्या भावाकडे पोचवायचे आणि होळीनंतर आणायचे. "कंपाउंडरची बायको दर साली बाळंतपणाले जाते," असं लोक चिडवायचे. तेही हसायचे. चार महिने स्वतःच भाकरी थापायचे. मला एकदा दिली होती. चहात बुडवली तेव्हा कुठे ती वाकली.

एकदा मात्र औषधाची बाटली भरता भरता ते सहज म्हणाले, "अकरा हिवाळे झाले भाऊ. मी घरात असतो, पण घर बंद असल्यावानी वाटते." मी पुढचा नंबर पुकारला. त्याची अजून लाज वाटते.

खरा त्रास पऱ्हाटीचा होता. कापूस संपला की बोंडअळीच्या भीतीने लोक उभी झाडं उपटून जाळतात, आणि तीही भल्या सकाळी. वारा पडलेला असला की जाळ बांधाबाहेर जात नाही, ही वाडवडिलांची रीत. शेत वाचायचं, पण सगळा धूर उताराने गावात उतरायचा. कंपाउंडर वावरोवावरी फिरून सांगू लागले, "दुपारी पेटवा, धूर वर जाते."

"तुमी दवाखान्यातल्या गोया मोजा," लोक म्हणायचे. "वावरातलं तुमाले काय समजते?"

शेवटी एकाने ऐकलं. भर दुपारी पेटवलं, वारा सुटला, आणि शेजाऱ्याचा कुटाराचा ढीग, म्हणजे जनावरांचा वर्षाचा चारा, राख झाला. दोघं शेतकरी भांडत दवाखान्यात आले. कंपाउंडर बाहेर गेले आणि म्हणाले, "चूक माही हाय." दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ते घरोघर एकेक पोतं कुटार मागत हिंडले. तीन दिवसांत चारा भरून दिला. लोक हसले, पण दिला सगळ्यांनी.

आता हा माणूस गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण दुपारी दवाखाना बंद झाला की ते ओलं पोतं खांद्यावर टाकून ज्याची पऱ्हाटी जळायची असेल त्याच्या बांधावर जाऊन उभे राहू लागले. चौफेर नांगराचं तास, म्हणजे मातीची चरी, पाडून घ्यायचे, पाण्याचे ड्रम भरायला लावायचे, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत हलायचे नाहीत. जबाबदारी घेणारा माणूस समोर उभा म्हटल्यावर हळूहळू लोक दुपारीच पेटवू लागले.

दोन वर्षांनी दिवाळी झाली आणि ते काकूंना पोचवायला घाटावर गेले नाहीत. आम्ही सगळे रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचो. काकूंनी सकाळी दारं-खिडक्या लावून, दोनदा-तीनदा वाफ घेऊन तो हिवाळा घरात काढला. संक्रांतीला कंपाउंडरांनी डबा उघडून माझ्यापुढे मऊसूत भाकरी धरली. "घ्या भाऊ, याले चहा नाई लागत." बोलताना त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

त्यांना असा एकच हिवाळा मिळाला. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ते गेले.

दिवाळीनंतर काकूंचा भाऊ गाडी घेऊन आला. त्याने खूप समजावलं, पण काकू उठल्या नाहीत. "त्याइनं मले घरी ठेवासाठी एवढं केलं. आता मी काऊन जाऊ?" एवढंच म्हणाल्या. मला काळजी वाटत होती. आता बांधावर कोण उभं राहणार?

परवा त्यांचा दम्याचा पंप द्यायला गेलो होतो. अकरा वाजून गेले असतील. फाटकाशी कुणी शेतकरी सायकल धरून उभा होता. मी त्याला ओळखतही नव्हतो.

"काकू, आज दुपारी पऱ्हाटी पेटवून राह्यलो. खिडकी लावून घ्या."

काकू दाराशी आल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "पाणी जवळ ठेवजो बापा. ते नाहीत आता."