तीन बाभळींचं अरण्य

माझी पणती जपानात वाढते. यंदा पहिलीत गेली. तिला मराठी येतं, आईशी बोलतेही. पण फोनवर माझं तोंड दिसलं की आईच्या पाठीमागं दडते. मला एकच पाहिजे होतं, पोरीनं माझ्याशी एक तरी शब्द बोलावा. ती येईना, म्हणून मीच तिच्या भाषेकडं निघाले.

नातीनं विचारलं, "आज्जी, कुठून सुरू करू?"

"तिला काय आवडतं?"

"जंगल. शाळेतून नेतात ना."

झालं. झाड म्हणजे कि, झाडी म्हणजे हायाशी, मोठं अरण्य म्हणजे मोरी. मोरी म्हटल्यावर मला आधी खरकटी भांडी आठवली, ते सोडा. लिहायची तऱ्हा मात्र झकास. झाडाची एक खूण. दोन काढल्या की झाडी, तीन काढल्या की अरण्य.

तीनच! मी एकटीच हसत सुटले.

लग्न होऊन धारूरला आले तेव्हा मी स्वतःला लई धीट समजायची. डोंगरात दिलंय, आता वाघाशीच गाठ, असं मैत्रिणींना ऐकवून आलेली. सासूबाईंनी पहिल्यांदा सरपणाला धाडलं. बाभळीमागं शेळी शिंकली आणि ही वाघीण कोयता टाकून रडायला लागली, "जंगलात चुकले वो!"

सासूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. तिथूनच ओरडल्या, "आगं, हितून दिसायलीस की मला! तीन बाभळी हायत तिथं, कावून बोंबलायलीस?"

गल्लीला ते वर्षभर पुरलं.

तर परवा सकाळी दारात रांगोळीनं तीन झाडं काढली. शेजारीण आली. कसलं व्रत, काही विचारलं नाही. हळदीकुंकू वाहिलं, पाया पडली आणि गेली. तसंच कुंकू लागलेलं अरण्य मी फोनला दाखवलं.

आधी एक डोळा आला. मग अख्खी पोरगी.

"मोरी!"

माझी शिकलेली सगळी भाषा पळाली. तीच पुढं म्हणाली, "पणजी, यात अस्वल आहे?"

"न्हाई गं माय. शेळी होती."

मग सगळं सांगितलं, शेळीची शिंकसुद्धा काढून दाखवली. पोरगी हसून लोळली. उठून बसली तेव्हा मात्र तोंड गंभीर.

"तीन झाडं होती ना? मग मोरीच ती. तू खरंच हरवली होतीस."

सासूबाई असत्या तर फोन नेऊन त्यांच्या कानाला लावला असता.