उजव्या चाकाचा बूट

माझ्या धाकट्या भावाची गाडी चार वर्षं आमच्या कारखान्यात उभी होती. त्या चार वर्षांत मी तिच्या उजव्या चाकाखाली एकदाही वाकून पाहिलं नाही.

कारखाना म्हणजे सोलापुरातले आमचे सहा यंत्रमाग, टॉवेलचे. वडिलांनंतर ते मी चालवते. गाडी मागच्या भिंतीशी होती. चाकं अधांतरी, खाली विटा, वर जुन्या चादरी शिवून केलेलं कव्हर. दोन दारांची, लाल, जमिनीला चिकटल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार. भावानं ती घेतली तेव्हाच म्हातारी होती. "अक्का, हिच्यात बसायला आधी योगासनं शिकावी लागतात," असं तो म्हणायचा, आणि प्रत्येक रविवारी तिच्याखाली आडवा पडलेला असायचा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की कारखाना एकदम गप्प होतो. त्या वेळी मी कव्हराकडे पाठ करून डबा खायची. पाठ केली की मागून कट, कट, कट असा आवाज यायचा. तो येत नाही हे मला माहीत होतं. विटांवरची गाडी वळत नाही. तरी मी डबा अर्धा टाकून उठायची आणि वेळेआधीच माग सुरू करायला लावायची. कामगार कुरकुरायचे.

आवाज कशाचा, ते सांगते. इंजिनाकडून चाकाकडे जो दांडा फिरत जातो तो एक्सल. चाक वळावं म्हणून त्याच्या टोकाला सांधा असतो. सांध्यात पोलादी गोळ्या आणि ग्रीस, आणि त्यावर घड्या-घड्यांचं रबरी टोपण. त्याला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस उडतं, धूळ आत जाते आणि गाडी वळताना सांधा वाजायला लागतो.

भावाला सकाळी पुण्याला जायचं होतं आणि उजव्या चाकाचा बूट फाटलाय हे त्याला आदल्या संध्याकाळी दिसलं. त्या गाडीचा बूट सोलापुरात मिळत नव्हता, मागवावा लागणार होता. मी त्याला बसनं जा म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "गाडी आण इकडं. बांधून देते."

मागवाल्यांच्या हाताला दोन गोष्टी येतात, गाठ आणि ग्रीस. कुठलीही अडचण आली की आम्ही यातलं काहीतरी लावून बघतो. मी फाटक्या बुटात मागाचं ग्रीस कोंबलं. वरून पीळ दिलेलं दुहेरी सूत ओलं करून गच्च गुंडाळलं, विणकरी गाठ मारली, गाठीची शेपटं, म्हणजे उरलेली टोकं, कात्रीनं कापली. मागावर ही गाठ ताण पडेल तशी आवळत जाते. सूत ग्रीस प्यालं की निसरडं होतं, हे मला माहीत होतं. मागाचं ग्रीस तापलं की पातळ होतं, हेही माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी त्या संध्याकाळी एकत्र माझ्या डोक्यात आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून परतताना, टेंभुर्णी सोडल्यावर, त्यानं भर दुपारी गाडी कडेला घेतली. मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं, तो जागीच गेला. गाडीला ओरखडाही नव्हता. तो गाडीच्या उजव्या अंगाला होता, रस्त्याच्या बाजूला. तिथं का थांबला, हे कुणालाच कळलं नाही. पोलीस म्हणाले, टायर बघत असेल. नातेवाईक म्हणाले, चक्कर आली असेल. भावजय काही बोलली नाही. मीही बोलले नाही. गाडी ट्रकवर चढवून आणली, ती तशीच विटांवर ठेवली.

यंदा त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, पुण्यात नोकरी लागली. "आत्या, पप्पांची गाडी मी नेणार," म्हणाली. मागून भावजयीचा फोन आला. "अक्का, तुम्ही बघा. तुम्ही चालेल म्हणालात तर नेऊ दे." यंत्रातलं मला कळतं, असं आमच्या घरात ठरून गेलेलं आहे.

भाचीनं दोन्ही बाजूंच्या एक्सलचे, दोन-दोन टोकांचे मिळून चारही बूट मागवले. भावाच्या ओळखीचा म्हातारा मिस्त्री कारखान्यातच आला. मी त्याला डाव्या चाकापासून सुरुवात करायला सांगितली.

"बाई, ये तो अच्छा है. सीधे हात का खराब था ना?"

"आधी डावं."

त्यात सकाळ गेली. भाची शेजारी बसून पाने देत होती. मिस्त्री तिला म्हणाला, "बेटा, पुणे में इसकू लगाएगी किधर? लोगां खिलौना समझ के उठा ले जाते." ती हसली. हसताना भावासारखी दिसते. मी मागांकडे जाऊन आले.

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तेव्हा मिस्त्री उजवीकडे आला. चाक काढलं, मोठा नट सोडवला, एक्सल ओढून बाहेर घेतला आणि सुताच्या रिळांच्या खोक्यावर ठेवला. आता बघण्यावाचून सुटका नव्हती.

बुटाभोवती माझं सूत नव्हतं. टॉवेलची फाडलेली पट्टी होती, हिरव्या काठाची. तो काठ आमच्याच मागावरचा. हात पुसायला असा एक टॉवेल भावाच्या गाडीत कायम असायचा.

मिस्त्रीनं पट्टी बोटानं वर केली. खाली माझं सूत होतं, काळं, सैल, एका बाजूला गोळा झालेलं. गाठ उकलली होती. तिची टोकं मी कापली होती तशीच आखूड होती.

"ये बांध्या कौन? टपकता नल बी कोई ऐसा नै बांधता."

 मी पट्टीवरची गाठ बघत होते. भाऊ डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची. वडील म्हणायचे, हा आरशात बघून विणतो. ही गाठ उलटी होती. आणि तिचं शेपूट वीतभर लांब, न कापलेलं होतं.

विणकर शेपूट ठेवत नाही. मागाच्या फणीत अडकून सगळा ताणा, म्हणजे उभे धागे, तुटतो. लहानपणापासून हाताला तेच वळण. भाऊ तर मिठाईच्या खोक्याची दोरी बांधली तरी शेपूट दातानं तोडायचा. इथं गाठ पूर्ण झाली होती आणि शेपूट तोडायचं राहिलं होतं. म्हणजे गाठ मारल्यावर ट्रक येईपर्यंत किती वेळ गेला असेल, हे मला सांगता येतं. एवढा वेळ, की माणूस तोंड गाठीजवळ नेतो.

भाचीही मागवाल्यांच्या घरातली. तिनं शेपूट बोटात धरलं.

"हे पप्पांनी बांधलं?"

"वरचं त्यानं. खालचं मी."

"तुझं सुटलं म्हणून पप्पा थांबले?"

"होय."

"तुला माहीत होतं?"

"वाटत होतं. आता माहीत झालं."

तिनं शेपूट सोडलं नाही. मिस्त्री कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात ब्लेड होतं. "काटूं?"

"गाठ नक्को," मी म्हणाले. "मागून कापा."

त्यानं बूट मागच्या बाजूनं चिरला आणि पट्टीसकट सोलून काढला. भाचीनं तो वर्तमानपत्रात गुंडाळला. सांधा मी स्वतः पेट्रोलमध्ये धुतला. जुनं ग्रीस सुटलं तसा मागाचा वास आला, माझ्या हातांना रोज येतो तोच. मिस्त्रीनं एकेक गोळी उजेडात फिरवून पाहिली.

"कुछ नै हुआ इसकू. बजता रहता, मगर सोलापूर तक आराम से आ जाती."

"न थांबता?"

"हौ. क्या होता?"

हे मी त्याला विचारायला नको होतं. भाचीनंही ते ऐकलं. तिनं नव्या ग्रीसची पिशवी कापून माझ्या हातात दिली. सांध्यात ग्रीस मी भरलं, बूट तिनं चढवला, पोलादी पट्ट्या मिस्त्रीनं आवळल्या. मागाचं ग्रीस नाही, सूत नाही, गाठ नाही.

हात धुताना ती म्हणाली, "आईला मी सांगू?"

"मीच सांगते."

त्याच संध्याकाळी भावाच्या घरी गेले. भावजय मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बूट, सूत, हिरव्या काठाची पट्टी, शेपूट. ती काड्या वेगळ्या करत राहिली. मला वाटलं, आता जा म्हणेल.

"म्हणजे फोनसाठी नाही थांबला?" तिनं विचारलं.

"कुठला फोन?"

"मी लावला होता, त्याच वेळी. उचलला नाही. मला वाटायचं, उचलायला म्हणून कडेला घेतली."

"नाही. त्याचे दोन्ही हात ग्रीसनं भरलेले होते."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. उठून मोरीवर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "अक्का, जेवूनच जा." ती मला काही बोलली असती तर सोपं झालं असतं. मी जेवले. तो का थांबला याचा दोष चार वर्षं आम्ही दोघी आपापल्या पदरात घेऊन बसलो होतो आणि दोघींनीही एकमेकींना विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भाची गाडी घेऊन निघाली. कारखान्याच्या फाटकातून उजवीकडे वळली. मी कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही.

दुपारी, माग नुकतेच थांबले होते, तिचा फोन आला.

"आत्या, टेंभुर्णीला थांबलेय."

"का? काय वाजतंय?"

"काही नाही गं. चहा पितेय."

"गाडी कुठं लावलीस?"

"हॉटेलच्या आवारात, रस्त्यापासून लांब. तू विचारणार म्हणून बघूनच लावली. आणि उजव्या चाकाखाली वाकून पाहिलं. कोरडं आहे."

"वाजलं तरी थांबू नकोस," मी म्हणाले. "वाजू दे. घरापर्यंत जाते."

"माहीतंय," ती म्हणाली. "मीपण ऐकलंय ते."

मी डबा उघडला. मागच्या भिंतीशी आता नुसत्या विटा होत्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडे तोंड करून बसले. कट, कट, कट तरीही आलं. मी डबा पूर्ण खाल्ला आणि माग वेळेवर सुरू करायला सांगितले.