फटफटी करवतीची साखळी

यवतमाळच्या त्या दुकानदाराला मी माफ केलेलं नाही. तो आता या जगात नाही, तरीही नाही. घरातले म्हणतात, मेलेल्या माणसाशी कसलं वैर धरता? त्यांना ते बावीस दिवस ठाऊक नाहीत, म्हणून म्हणतात.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी पुसदच्या खालच्या अंगाला, आमच्या तांड्यावरून लाकडाचा धंदा करत होतो. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. बापाच्या वेळेला ते संपलं होतं, त्याच्याकडे बैलांची खरेदी-विक्री उरली. माझ्या हाती तीही आली नाही. मी शेतकऱ्यांच्या मालकीचं उभं सागवान विकत घ्यायचो, जंगलखात्याचा परवाना काढायचो, तोडायचो आणि विकायचो. शाळा चौथीपर्यंत. भांडवल म्हणजे जीभ आणि बापानं शिकवलेली एक गोष्ट.

ती गोष्ट अशी, की बाजारात जो बैल घ्यायचा आहे त्याच्याकडे पाहायचं नाही. शेजारच्या बैलाचे दात मोजायचे. त्याच्याही पलीकडच्या जोडीची किंमत विचारायची, नाक मुरडायचं. आणि पाठ फिरवून निघता निघता हव्या त्या बैलाबद्दल सहज म्हणायचं, "अन् याचं काय?" विकणाऱ्याला तुमची गरज दिसली की तुमचा बाजार उठला. या एका गोष्टीवर माझ्या बापानं आठ माणसांचं घर चालवलं. मीही तेच केलं, आणि त्यावर टिनाचं घर बांधलं.

राजूरच्या एका कोळसा खाणीत जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथे मी ती करवत पाहिली. पेट्रोलवर चालणारी, परदेशी बनावटीची. खाणीच्या छताला टेकू लागतात, त्यासाठी लाकूड कापायला कधीतरी आणली असेल. एका माणसाला उचलताना कंबर धरेल एवढी जड. नावाची पट्टी घासून गुळगुळीत झालेली, नंबर वाचता येत नव्हता. तिच्या शेजारी लाकडी खोक्यात तेलकट सुटे भाग पडले होते, त्याची बोली वेगळी होती. मी करवतीकडे पाहिलंच नाही. दोन मोडकी चाकं उलटीसुलटी केली, खोक्याला पायानं ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा कचरा कोण घरी नेते बाप्पा!" करवत मला स्वस्तात पडली. खोकं मी मुद्दाम सोडलं. वाटलं, कुणीच घेणार नाही, शेवटी फुकट देतील. ते वणीच्या एका भंगारवाल्यानं वजनावर उचललं.

करवत चालू झाली तेव्हा आवाजानं अख्खा तांडा गोळा झाला. बाया तिला फटफटी म्हणू लागल्या, तेच नाव पडलं. माझ्याकडे तेव्हा दोन आरेवाले होते. दोघं दोन टोकांना धरून मोठा आरा ओढायचे. त्यातला म्हातारा माझ्याकडे नऊ वर्षं होता, मी त्याला मामा म्हणायचो. दोघांनाही मी त्याच आठवड्यात काढून टाकलं. चांगल्या शब्दांत काढता आलं असतं, मी तसं काढलं नाही. म्हणालो, "तुम्ही दोघं दिवसभर कुथून जे करता ते हे मशीन बिडी वढेपर्यंत करते."

मामानं आरा खांद्यावर घेतला. "करते शेठ, करते. पण थे बिमार पडल त तिची नाडी कोन पायते?"

"तुले नाही बलावत, जाय."

"बलावशीन," तो म्हणाला. "हात जोडून बलावशीन."

ते दोघं सरळ ढाणकीच्या दुसऱ्या लाकूड व्यापाऱ्याकडे गेले. त्या व्यापाऱ्याचं आणि माझं मुळीच पटत नव्हतं.

आणि तेव्हाच मी ढाणकीजवळच्या एका शेतात सागाची साठ झाडं घेतली होती. हंगामातला माझा एकच मोठा सौदा. परवान्याला मुदत होती, आणि शेतमालकानं पक्कं सांगितलं होतं, मुदतीत जेवढी पडतील तेवढी तुझी; उभी राहिलेली मी नव्या परवान्यानं दुसऱ्याला देईन. दुसरा म्हणजे तोच, ज्याच्याकडे आता माझे आरेवाले होते. मी छाती ठोकून हो म्हणालो. मशीन होतं ना.

एकोणिसावं झाड पडता पडता साखळी तुटली. नुसती तुटली नाही, तीन ठिकाणी कड्या फाकल्या आणि एक तुकडा माझ्या हातावर बसला. लोहारानं पाहून हात वर केले. एक्केचाळीस झाडं उभी, बावीस दिवस बाकी. आणि आरा ओढणारा एकही चांगला माणूस त्या भागात रिकामा नव्हता, त्या दोघांखेरीज. तेही रिकामे कुठले. फक्त मी हात जोडायला येतो का याची वाट पाहत होते.

मी यवतमाळला गेलो. तिथे ऑइल इंजिनाच्या आणि पंपाच्या सुट्या भागांचं एक मोठं दुकान होतं. दुकानदार शहरातला, शिकलेला, घरात वकील आणि कारकून असलेला माणूस. सदऱ्याला डाग नाही. जंगलातल्या ठेकेदारांसाठी त्यानं अशा साखळ्या मागवल्याचं मी ऐकलं होतं. तुटकी साखळी माझ्या पिशवीत होती, जुन्या धोतराच्या घडीत गुंडाळलेली. ती मी बाहेर काढली नाही. तुटकी वस्तू दाखवणं म्हणजे लंगडा बैल घेऊन बाजारात जाणं, असं माझं गणित. मी सुतळीवर साखळीची लांबी मोजून दोन गाठी मारल्या होत्या, ती खिशात ठेवली.

आधी पंपाच्या पट्ट्याची किंमत विचारली. मग तेलाच्या डब्याची. मग भिंतीवर लटकलेल्या साखळ्यांकडे न पाहता म्हणालो, "आमच्याकडे एकाची फटफटी करवत हाये. त्याच्यासाठी इचारून राह्यलो. मले काही गरज नाही."

"कोणती करवत?"

"परदेशी. जुनी हाये."

"लांबी?"

मी सुतळी काढली. त्यानं एक साखळी उतरवली, सुतळीला लावून पाहिली. लांबी तंतोतंत जुळली.

"ही बसेल?" मी विचारलं.

"न बसायला काय झालं? सगळे हीच नेतात."

मग आम्ही तासभर घासाघीस केली. दोनदा मी पायरी उतरून गेलो, दोनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी त्यानं सांगितलेल्या किमतीच्या बऱ्याच खाली आणून मी साखळी घेतली आणि एसटीत बसून मनातल्या मनात हसत आलो. ते हसू मला आजही आठवतं. संताप होतो.

साखळीची लांबी बरोबर होती, पण कडीपासून कडीचं अंतर वेगळं होतं. किती वेगळं? गव्हाच्या दाण्याएवढं. करवतीच्या आत एक दातेरी चाक असतं, ते साखळीला ओढतं. त्याच्या दातांमधलं अंतर आणि कड्यांमधलं अंतर एक असावं लागतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. साखळी दातांवर बसेना, मी ठोकून बसवली. मशीन सुरू केलं तर ती चढे, घसरे, झटके देई. मी तरी सोडलं नाही; शेताच्या बांधावर मामा त्या व्यापाऱ्याबरोबर उभा होता, त्याच्यासमोर मी कसा थांबणार? थोड्याच वेळात चाकाचे दोन दात उडाले. आता साखळीही हवी होती आणि चाकही.

बांधावरून मामा ओरडला, "शेठ, दात पडले काय हो तिचे? म्हातारी झाली वाटते!"

व्यापारी हसला. मी मान वर केली नाही.

पुन्हा यवतमाळ. या वेळी दुकानात चार गिऱ्हाईकं होती. मी नवी साखळी गल्ल्यावर आपटली. "हे काय देल्लं तुम्ही मले? चाकाचा सत्यानाश झाला!"

त्यानं साखळी उचलून पाहिली, शांतपणे खाली ठेवली. "जुनी आणली होती का तुम्ही?"

"तुम्ही मागतली होती काय?"

"तुम्ही सुतळी आणलीत. मी सुतळीच्या मापानं दिली. आणि तुम्हीच म्हणालात, मला गरज नाही, दुसऱ्याची आहे. मग त्या दुसऱ्यालाच पाठवा, मी त्याच्याशी बोलतो."

गिऱ्हाईकं हसली. मी त्या माणसाच्या सदऱ्याला हात घातला असता, पण मध्ये लाकडी गल्ला होता. जे तोंडात आलं ते बोललो. तो एकच वाक्य बोलला, "वापरलेला माल परत नाही." आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. माझ्या जुन्या करवतीला बसेल अशी साखळी आपल्याकडे नाही, एवढंही त्यानं सांगितलं नाही. ते मला त्याच्या नोकरानं पायरीवर सांगितलं.

तिथून राजूरला गेलो. खाणीच्या कोठारात विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "तिचे सारे पार्ट त्या खोक्यात होते. तुम्हीच त कचरा म्हणे त्याले." म्हणजे त्यालाही आठवत होतं.

वणीचा भंगारवाला खाटेवर बसून लसूण सोलत होता. मागे लोखंडाचे ढीग. त्यानं मला पाहताच ओळखलं, पण ओळख दिली नाही. मी सवयीप्रमाणे ढिगातली एक पहार उचलली, वजन केल्यासारखं केलं, जुन्या नांगराच्या फाळाचा भाव विचारला.

"फाल नाही पायजे तुले," तो म्हणाला. "काय पायजे थे बोल."

"एखादी करवतीची साखळी असल त..."

"पुरानी दाखव पयले."

"नाही आनली."

"मंग जा घरी, घेऊन ये. बिना पाह्यल्याचा मी खिळाबी नाही देत. उद्या तू माह्याच डोक्यावर बसशीन."

पिशवी माझ्या मांडीवर होती. नऊ दिवस राहिले होते. घरी जाऊन परत यायला दोन दिवस लागले असते, आणि तेही निव्वळ नाटकापायी.  मग धोतराची घडी उलगडून तुटकी साखळी आणि दात उडालेलं चाक त्याच्या खाटेवर ठेवलं.

तो पोट धरून हसला. "अरे, पिशवीतच होती का बे? अन् मी समजलो घरी विसरला!"

मग हसणं थांबवून तो कामाला लागला, हे मला कबूल करावंच लागेल. ते खोकं ओढलं. त्यात दोन साखळ्या होत्या. एक त्यानं माझ्या साखळीवर ठेवली, रिवेटवर रिवेट, कडीवर कडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं दाबत गेला. ती बाजूला टाकली. दुसरी ठेवली. ती जुळली. मग खोक्यातलं चाक काढलं, साखळी त्यावर गुंडाळून हातानं फिरवली. एकही दात अडला नाही.

"हे घे. अन् आता सांग, दिवस किती राह्यले?"

"कायचे दिवस?"

"तुया हातावर पट्टी हाये, तोंडावर झोप नाही, अन् पुसदकडचा मानूस वणीपर्यंत येऊन माह्या खाटेवर बसला. दिवस किती?"

 त्यानं किंमत सांगितली. अख्ख्या करवतीला मी लिलावात जे दिलं होतं, त्याच्या निम्म्याहून जास्त. मी आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटचं, सांगितलेली किंमत जशीच्या तशी दिली. त्यानं नोटा मोजल्या नाहीत, उशीखाली सारल्या. बाप खरं बोलत होता. गरज दिसली की सोलतात. पण न दाखवता जे मिळतं ते काय असतं, हेही मी भोगून बसलो होतो, आणि त्याबद्दल बाप काही बोलला नव्हता. बैलाला दातेरी चाक नसतं.

करवत चालली. आठ दिवस मी आणि माझा धाकटा भाऊ शेतातच राहिलो. साखळी बोथट झाली की दगडावर बसून कानशीनं एकेका दाताला धार लावायचो, बोटं सोलून निघाली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तीन झाडं उरली होती. बांधावर तो व्यापारी आला, मामा आला, आरा सोबत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दिवस कलायच्या आत शेवटचं झाड आडवं झालं.

मामा जवळ आला. साखळीवर अंगठा फिरवून पाहिला, वाकून चाक पाहिलं. "हे बरोबर बसली," तो म्हणाला. "मंग पयली काहून नाही बसली?"

"दुकानदारानं फसवलं."

"तू त्याले जुनी दाखवली होती?"

"इकनाऱ्याचं काम हाये इचाराचं. भंगारवाल्यानं इचारलं नाही का? तो त चोर हाये, तरी इचारलं."

 मामा आरा उचलून गेला. पुन्हा माझ्याकडे कामाला आला नाही, मीही बोलावलं नाही.

आणि हेच माझं म्हणणं आजही आहे. वणीच्या माणसानं मला लुटलं, पण साखळीवर साखळी ठेवून लुटलं. यवतमाळचा माणूस गोड बोलला, भाव कमी केला, आणि हातात काय देतोय ते पाहिलं नाही. माझं लपवणं चुकलं असेल. पण मी गिऱ्हाईक होतो, लपवणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे. जुनी दाखव, त्याशिवाय देणार नाही, हे दोन शब्द त्यानं बोलायचे होते. दिवसाला पन्नास माणसांना सुटे भाग विकणाऱ्याला ते माहीत नव्हतं? माहीत होतं. मी तांड्यावरचा, माझ्यासाठी ते दोन शब्द खर्च करावे असं त्याला वाटलं नाही.

पावसाळा संपल्यावर मी एकदा कामानं यवतमाळला गेलो, तेव्हा ती चुकीची साखळी सोबत नेली. दुकानात कुणी नव्हतं. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाला, "त्या दिवशी माझंही चुकलं. अर्धे पैसे देतो, साखळी ठेवून जा."

मी चहा घेतला नाही. साखळी परत पिशवीत टाकली. अर्धे पैसे घेतले असते तर भांडण तिथेच मिटलं असतं. ते मिटवायला मी गेलोच नव्हतो. उठलो, आणि बाजारातून तेलाचे दोन डबे घेतले, त्याच्या समोरच्या दुकानातून, दोन पैसे जास्त देऊन.